व्यालेल्या गायीचा किटोसिस: आधी ॲसिटिल-कोए समजून घ्या

संकरित गाय व्याली की पहिले दहा-बारा दिवस सगळं छान चालतं. दूध रोज थोडं थोडं चढत जातं. मग एका सकाळी ती ढेपेच्या टोपल्याला नुसतं तोंड लावते आणि मान फिरवते. कडबा मात्र खाते. दोन-तीन दिवसांत दूध चौदा लिटरवरून नऊवर येतं, पाठीचा कणा वर दिसू लागतो, शेण घट्ट पडतं आणि त्यावर शेंबडासारखी चकाकी असते. ताप नाही, कास सुजलेली नाही. घरात कोणी म्हणतं दृष्ट लागली, कोणी म्हणतं ऊन बाधलं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत अशी लक्षणं दिसली तर सर्वांत आधी किटोसिसचा, म्हणजे साखर कमी पडून रक्तात कीटोन नावाची द्रव्यं वाढण्याच्या आजाराचा, विचार करायचा.

हा लेख पहिल्यांदाच संकरित गाय किंवा चांगल्या दुधाची म्हैस दावणीला आणलेल्यांसाठी आहे, आणि गावात जनावरांचं काम नव्याने शिकणाऱ्या पशुसखींसाठीही. गवळाऊसारख्या कमी दुधाच्या गायीत हा आजार क्वचितच दिसतो. जिथे दूध जास्त, तिथे धोका जास्त. कारण सगळा हिशेब साखरेचा आहे आणि त्या हिशेबाच्या मधोमध एक छोटा रेणू बसलेला आहे: ॲसिटिल-कोए. तो समजला की कोणती बाटली द्यायची, गूळ का चालत नाही, सरकीने का भागत नाही, हे पाठ करावं लागत नाही.

चरबीची कुट्टी

कडबा कुट्टी यंत्रात घातला की सारख्या लांबीचे तुकडे पडतात. शरीरात चरबीचंही तसंच होतं. चरबीतलं स्निग्धाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ताकद तयार करणाऱ्या कोठीत, ही साखळी दर खेपेला दोन-दोन कार्बनने कापली जाते आणि प्रत्येक तुकडा कोएन्झाइम-ए नावाच्या वाहकाच्या गंधकाला चिकटतो. दोन कार्बनचा तुकडा अधिक वाहक, म्हणजे ॲसिटिल-कोए. पामिटिक आम्लात १६ कार्बन असतात: सात घाव, आठ तुकडे. स्टिअरिक आम्लात १८: आठ घाव, नऊ तुकडे. कोएन्झाइम-ए तयार व्हायला पँटोथेनिक आम्ल, म्हणजे ब-५ जीवनसत्त्व लागतं.

दोन-दोनने कापणी होते हे १९०४ साली फ्रान्झ क्नूप यांनी दाखवलं. त्यांनी स्निग्धाम्लाच्या टोकाला बेंझिनचं कडं जोडून ते कुत्र्यांना खाऊ घातलं आणि लघवीत काय उतरतं ते तपासलं. वाहक शोधला फ्रिट्झ लिपमन यांनी. त्यांना १९५३ चं नोबेल हान्स क्रेब्स यांच्यासोबत मिळालं. आणि दोन कार्बनचा तो तुकडा वाहकाला चिकटलेला ॲसिटिल-कोएच आहे, हे फिओडोर लायनेन यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं.

आता मुद्द्याची गोष्ट. हा तुकडा जाळून ताकद मिळवायची तर त्याला क्रेब्स चक्रात शिरावं लागतं, आणि आत जाताना एक जोडीदार लागतो: चार कार्बनचं ऑक्झॅलोॲसिटेट. दोन आणि चार मिळून सहा कार्बनचं सायट्रेट होतं आणि चक्र फिरतं. एका फेरीत जितके कार्बन आत आले तितकेच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जातात. मागे काही उरत नाही. शिवाय साखरेपासून ॲसिटिल-कोएकडे जाणारी वाट एकेरी आहे, उलटं येता येत नाही. म्हणून एक वाक्य गाठीला बांधून ठेवा: चरबीची साखर होत नाही. चरबीतल्या ग्लिसरॉलचा तेवढा थोडा भाग साखरेच्या कामी येतो, पण तो भाग फारच लहान.

गाय कुठे अडकते

एक लिटर दूध बनवायला गायीला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं, कारण दुधातली साखर ग्लुकोजपासूनच बनते. चौदा लिटरची गाय म्हणजे रोजचं जवळपास एक किलो ग्लुकोज, तेही फक्त दुधासाठी. माणसाने भाकरी खाल्ली की पिठाची साखर होऊन रक्तात येते. गायीचं तसं नाही. तिने खाल्लेलं बहुतेक पीठ पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जंतूच खातात आणि तिला आम्लं देतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. यातल्या प्रोपिओनेटपासून यकृत साखर घडवतं. या कामात ब-१२ जीवनसत्त्व लागतं, ते पोटातले जंतू बनवतात, आणि त्यांना त्यासाठी कोबाल्ट लागतं. खनिज मिश्रणाची पुडी फुकट जात नाही ती अशी.

व्यायल्यानंतर दूध झपाट्याने चढतं, भूक मात्र मागे राहते. साखर कमी पडली की अंगावरची चरबी वितळून रक्तात येते. रक्तात साखर भरपूर असते तेव्हा मॅलोनिल-कोए नावाचा रेणू मायटोकॉन्ड्रियाचं फाटक अडवून धरतो; साखर घटली की तो कमी होतो आणि कार्निटिनच्या आधाराने चरबी आत शिरत राहते. यकृतात ॲसिटिल-कोएचा ढीग पडतो. त्याच वेळी यकृत ऑक्झॅलोॲसिटेट उचलून साखर बनवण्याकडे पळवत असतं. म्हणजे तुकडे ढीगभर आणि जोडीदार गायब. मग यकृत दोन-दोन तुकडे जोडून कीटोन बनवतं: ॲसिटोॲसिटेट, त्यापासून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे बीएचबी, आणि थोडं ॲसिटोन. थोडे कीटोन हृदय आणि स्नायू इंधन म्हणून वापरतात, कासही वापरते. ते फार वाढले की भूक मरते, भूक मेली की साखर आणखी घटते, आणि गाय या फेऱ्यातून आपली आपण सहजासहजी बाहेर येत नाही.

पहिलं काम: पाहणी

लक्षणं एकेक करून नाही, एकत्र बघा. व्याल्याची तारीख, खाणं कोणत्या क्रमाने सुटलं (आधी ढेप-भरडा, मग हिरवं, शेवटी कडबा), दुधाची घट, शेण, रवंथ. श्वासाला किंवा ताज्या दुधाला पिकलेल्या फळासारखा, नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो का पाहा. हा वास सगळ्यांना येत नाही, म्हणून वास नाही तर आजार नाही असं धरू नका.

संकलन केंद्राची पावती इथे फार कामाची आहे. दूध पाच लिटरने उतरलं आणि त्याच आठवड्यात फॅट ३.८ वरून ५ च्या वर गेला, तर दर वाढला म्हणून खूश होऊ नका. अंगावरची चरबी दुधात उतरते आहे. दोन-तीन जनावरांचं दूध एकाच कॅनमध्ये जात असेल तर हे लपून राहतं. शंका असलेल्या गायीचं दूध एक दिवस वेगळं न्या आणि तिची फॅट वेगळी लावून घ्या.

काही गायींना हा आजार डोक्यात चढतो. त्या गव्हाण चाटत राहतात, स्वतःचं अंग चावतात, लाळ गाळतात, हंबरतात, भिंतीला डोकं टेकतात. इथे थांबा. पिसाळलेल्या जनावराची लक्षणंही अशीच दिसतात. तोंडात हात घालू नका, औषध पाजू नका, लाळेला हात लावू नका. जनावर बांधून ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

व्यायल्यावर पहिल्या तीन दिवसांतच गाय बसली, कान गार पडले, मान पोटाकडे वळवून पडली, तर तो बहुधा दुधाचा ताप, म्हणजे कॅल्शियमची कमतरता. त्यात काही तासांतच जीव जाऊ शकतो, तेव्हा कीटोन तपासायची पट्टी शोधत न बसता डॉक्टरांना बोलवा.

दुसरं काम: तपासणी

सर्वांत सोपी लघवीची पट्टी. माणसांच्या औषध दुकानात कीटोनची पट्टी मिळते. गाय बसलेली असेल तर उठवा. उठल्यावर बहुतेक गायी लघवी करतात. नाही केली तर योनीच्या खालच्या भागावर हलक्या हाताने वरखाली चोळत राहा, थोड्या वेळात करते. सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ वाटीत घ्या. पट्टी बुडवून लगेच काढा, कडेला झटका, बरोबर १५ सेकंदांनी डबीवरच्या रंगांशी ताडून पाहा. फिका गुलाबी म्हणजे थोडे कीटोन, गडद जांभळा म्हणजे खूप. मिनिटभराने पाहिलं तर रंग उगाच गडद दिसतो.

चुका कुठे होतात? उन्हात तासभर राहिलेली लघवी तपासली की ॲसिटोॲसिटेट विरून गेलेलं असतं आणि आजारी गाय चांगली दिसते. डबीचं झाकण उघडं राहिलं तर दमट हवेने पट्ट्या तपकिरी पडतात. अशी पट्टी फेकून द्या. आणि लघवीत कीटोन रक्तापेक्षा जास्त साचतात, म्हणून ताज्या व्यालेल्या, नीट खाणाऱ्या गायीतही फिका रंग येऊ शकतो. फिक्या रंगावर औषध सुरू करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात रोथेरा चाचणी होते. पांढऱ्या भुकटीवर लघवीचे किंवा दुधाचे काही थेंब टाकले की पोटॅशियम परमँगनेटसारखा जांभळा रंग उमटतो. दुधात कीटोन रक्ताहून कमी असतात, म्हणून दुधाने रंग दिला तर गाय खरोखर आजारी आहे, असं समजा. पट्टी आणि ही भुकटी दोन्ही ॲसिटोॲसिटेट ओळखतात, बीएचबी ओळखत नाहीत. या भुकटीत नायट्रोप्रुसाइड असतं, ते विषारी आहे. मुलांच्या हाती लागू देऊ नका.

नेमका आकडा हवा तर रक्तातलं बीएचबी मोजतात. त्यासाठी हाताळता येणारं छोटं यंत्र मिळतं. प्रति लिटर १.२ मिलिमोल किंवा जास्त म्हणजे लपलेला किटोसिस, ३ किंवा जास्त आणि सोबत लक्षणं म्हणजे उघड आजार. रक्त शेपटीच्या किंवा मानेच्या शिरेतून घ्यावं. पोटाखालच्या जाड दुधाच्या शिरेतून घेऊ नये, कारण कास बीएचबी वापरून टाकते आणि आकडा खोटा कमी येतो. त्याच यंत्रात ग्लुकोजची पट्टी वेगळी आणि कीटोनची वेगळी असते, घाईत अदलाबदल होते. आणखी एक: गायीची साखर माणसापेक्षा कमीच असते. १०० मिलिला ४५ ते ६५ मिलिग्रॅम हे तिचं नेहमीचं मान. ५५ पाहून घाबरू नका. ४० च्या खाली गेली तर मात्र काळजीचं आहे.

तिसरं काम: उपचार, आणि गूळ का नाही

डॉक्टर शिरेतून डेक्स्ट्रोज देतात. हिशेब करून पाहा: ५० टक्क्यांच्या द्रावणाचे ५०० मिलि म्हणजे २५० ग्रॅम साखर. एका लिटरला ७० ग्रॅम धरले तर ही साडेतीन लिटर दुधाची साखर झाली, आणि त्यातलीही काही लघवीवाटे जाते. सलाइन लागलं की गाय तासाभरात तरतरीत दिसते, ढेप मागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागच्या जागी. औषध खोटं नसतं, त्याचा पुरवठा संपलेला असतो. म्हणून सलाइनच्या जोडीला तोंडावाटे काही दिवस साखरेचा कच्चा माल द्यावाच लागतो.

तो माल म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल. नेहमीची मात्रा ३०० मिलि, दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस; नेमके दिवस डॉक्टर ठरवतील. याचा काही भाग पोटात प्रोपिओनेट होतो, उरलेला रक्तातून यकृतात जातो, आणि दोन्हींची साखर बनते. म्हणजे तो ॲसिटिल-कोएच्या ढिगात भर घालत नाही, ऑक्झॅलोॲसिटेटची बाजू भरून काढतो. जास्त पाजलं म्हणून लवकर गुण येत नाही. गाय झिंगल्यासारखी होते. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते इथिलीन ग्लायकॉल हे वेगळं आणि जीवघेणं विष आहे. नावं सारखी आहेत, बाटलीवरचं लेबल वाचून घ्या.

पाजण्याची रीत नीट शिका, कारण चुकीच्या पाजण्याने किटोसिसपेक्षा लवकर जनावर जातं. डोकं पाठीच्या रेषेपेक्षा वर उचलू नका. जीभ बाहेर ओढू नका, जीभ धरली की गाय गिळू शकत नाही. बाटलीचं तोंड गालाच्या बाजूने आत सरकवा, थोडं ओता, ती गिळते आहे हे गळ्यावर बघा, मग पुढचा घोट. ठसका लागला की ताबडतोब मान मोकळी सोडा. औषध श्वासनळीत गेलं तर फुफ्फुसं सडतात. जी गाय उभी राहत नाही, तोल जातो किंवा गुंगीत आहे, तिला तोंडाने काहीही पाजू नका.

आता गूळ. व्यालेल्या गायीला गुळाचं पाणी आणि घुगऱ्या देण्याची आपल्याकडची रीत मायेची आहे, आणि दीडशे-दोनशे ग्रॅम गुळाने काही बिघडत नाही. पण किटोसिसवर औषध म्हणून किलो-दोन किलो गूळ चारला तर त्यातली साखर रक्तात पोचतच नाही. पोटातले जंतू ती फस्त करतात, ब्युटिरेट वाढतं, आणि ब्युटिरेटपासून तर सरळ बीएचबीच बनतं. वर आम्ल वाढून पोट बिघडण्याचा धोका आहेच. खवट लोण्यासारखा वास येणारा बिघडलेला मुरघासही याच कारणाने व्यालेल्या गायीपुढे टाकू नये. त्यात ब्युटिरिक आम्ल आधीच तयार असतं.

सरकीचंही असंच. कापसाच्या पट्ट्यात सरकी आणि ढेप हाताशी असते, म्हणून गाय खंगली की त्यांचंच प्रमाण वाढवलं जातं. ढेपेत प्रथिनं चांगली आहेत, तिची जागा आहेच. पण सरकीत तेल भरपूर आणि पिठूळ भाग थोडा. तेल म्हणजे पुन्हा ॲसिटिल-कोए. अशा गायीला हवा मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा. भंडारा-गोंदियाकडे तांदळाची कणी. पिठातून प्रोपिओनेट येतं. बायपास फॅटही (पोटाच्या पहिल्या कप्प्यातून तशीच पुढे जाणारी चरबी) आजारात नव्याने सुरू करू नका.

बाकी इंजेक्शनं (स्टेरॉइड, ब-१२) डॉक्टरांच्या हातची. व्यायल्यानंतरचा गर्भाशयाचा दाह, दगडी (कासेचा दाह), पोटात गेलेली तार, पोटाचा सरकलेला चौथा कप्पा, यांमुळे खाणं सुटूनही मागून किटोसिस होतो. पाच दिवस नीट औषध देऊनही पट्टी जांभळीच राहिली तर दुसरं दुखणं शोधायलाच हवं. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाला कळवा. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण फोन त्याच दिवशी करा.

पुढच्या वेतासाठी

किटोसिसची तयारी भाकड काळातच होते. व्यायच्या ६० दिवस आधी गाय आटवा. या काळात तिला लठ्ठ करू नका आणि उपाशीही ठेवू नका. अंगावरच्या चरबीच्या पाच गुणांच्या मापात तीन ते साडेतीन हवी: बरगड्या लांबून मोजता येऊ नयेत, पण हात हलका दाबला की लागाव्यात, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या नकोत. गुबगुबीत गाय पाहून शेजारी कौतुक करतील. तीच गाय व्यायल्यावर सर्वांत कमी खाते आणि सर्वांत जास्त चरबी वितळवते.

शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक रोज अर्ध्या किलोने सुरू करून व्यायच्या वेळेपर्यंत दोन ते अडीच किलोवर न्या. पोटातल्या जंतूंना पिठाची सवय व्हायला इतके दिवस लागतात. व्यायल्यावर दर दोन दिवसांनी साधारण अर्धा किलो वाढवा. शेवटचा हिशेब असा: अंगासाठी दीड ते दोन किलो, शिवाय दर लिटर दुधामागे गायीला ४०० आणि म्हशीला ५०० ग्रॅम. एकदम चार किलो भरडा ओतला तर शेण पातळ होईल, त्यात दाणे दिसतील, रवंथ बंद होईल. तेव्हा मागे या. खुराक दोन वेळांत न देता चार वेळांत वाटा. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार पोट भरतं, पण खुराकाला जागा ठेवत नाही. व्यालेल्या गायीला चांगला कडबा आणि हिरवी वैरण आधी द्या, कुटार भाकड जनावरांना.

एप्रिल-मेमध्ये व्यालेल्या गायी उन्हाने आधीच कमी खातात. त्यांना खुराक पहाटे आणि रात्री द्या, पाणी दिवसभर पुढ्यात ठेवा, गोठ्यावर तणस किंवा पऱ्हाट्या टाका.

ज्या गायीला एका वेतात किटोसिस झाला तिला पुढच्या वेतातही होण्याची शक्यता जास्त. तिच्या नावापुढे वहीत खूण करा आणि व्यायल्यानंतर पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत, आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी पट्टी लावा.

शेळ्या असतील तर तारीख उलटी धरा. बेरारी शेळीच्या पोटात दोन-तीन करडं असली की साखरेची ओढाताण व्यायच्या आधीच्या शेवटच्या महिन्यात होते. करडांनी पोट व्यापलेलं असतं, कुटार मावत नाही, आणि तिच्या यकृतातही तोच ॲसिटिल-कोएचा ढीग साचतो. कळपामागे रेंगाळणारी, पाला हुंगून सोडून देणारी गाभण शेळी दिसली की ती चालती असतानाच डॉक्टरांना दाखवा. आडवी पडल्यावर तिला वाचवणं फार अवघड जातं.